सासऱ्यासाठी घंटा

जाबांगुन सिहालोहो रागावला की मिशी चावायचा, आणि त्या शनिवारी सकाळी मिशीचं काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपासना आटोपली की लुंबान सोसोर गावच्या चर्चच्या मंडळीत हात वर होणार होते. त्याचा कधीचाच मेलेला सासरा मंडळीचा की परका, हे त्या हातांवरून ठरणार होतं.

"हात वर करून," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "उद्या सूर्य कुठून उगवतो त्यावरही हात मोजा म्हणावं."

"कॉफी घ्या, निवते आहे," तियाम्सा चुलीपाशी बसूनच म्हणाली.

"मोशे डोंगरावर गेला तेव्हा खाली बहुमत कुणाला होतं? लोकांनी पुजलेल्या सोन्याच्या वासराला. सगळे हात वासराकडे."

"हो, सांगितलंत. काल जेवतानाही वासरूच होतं. घ्या."

त्याने कॉफी घेतली. चाळीसेक वर्षं तो मंडळीचा पंच होता आणि त्यातली बरीच वर्षं पंचांमध्ये थोरला. पंचांचा काळा झगा अंगावर चढला की त्याची पाठ काठीसारखी व्हायची. बापजाद्यांनी घालून दिलं ते खरं, बाकी सगळं वारं, असं त्याचं साधं गणित होतं. बायकोवर त्याचा जीव होता, पण ते त्याने तिला कधी सांगितलं असेल तर शपथ.

भानगड अशी होती. तियाम्साच्या माहेरच्यांनी, म्हणजे मालाऊ कुळाने, तळ्याकडे तोंड करून नवी समाधी बांधली होती. कुळातल्या जुन्या माणसांच्या अस्थी इकडच्या तिकडच्या थडग्यांतून उचलायच्या, लेकींनी हळदीच्या पाण्यात धुवायच्या आणि एका छपराखाली आणून ठेवायच्या. वाटेत चर्च लागतं. तिथून अस्थी जाताना बाप्तिस्मा झालेल्या माणसाच्या नावाने घंटा वाजवतात. हा माणूस ख्रिस्ताचा होता, आमचा होता, अशी मंडळीने गावाला दिलेली ती साक्ष असते. तियाम्साच्या आईसाठी घंटा वाजणार होती. बापासाठी वाजणार नव्हती, कारण गिंजांग मालाऊचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता.

आता हा गिंजांग काही देवाशी वाकड्यात शिरलेला माणूस नव्हे. त्या अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्यासारखा ढोल वाजवणारा नव्हता, आणि तेच त्याला नडलं. त्या काळी मंडळीचा कडक नियम होता की ढोल म्हणजे भुताखेतांची पूजा, आधी ढोल फोडा आणि मग बाप्तिस्म्याला या. गिंजांग म्हणाला, "देवाला माझे हात हवेत पण हातातलं नको, हे मला जमायचं नाही." झालं. तो दर रविवारी चर्चच्या भिंतीबाहेर फणसाखाली येऊन बसायचा, आत गीत सुरू झालं की बोटांनी गुडघ्यावर ताल धरायचा, आणि लोक बाहेर पडायच्या आत उठून जायचा. असाच एक दिवस मेला. त्याला वर डोंगरउतारावर एकट्याला पुरलं. बायको पुढे मुलांसकट मंडळीत आली आणि तिला चर्चच्या आवारात जागा मिळाली.

आणि मजा बघा, काही वर्षांपूर्वी मंडळ्यांच्या मोठ्या सभेत हात मोजले गेले आणि ढोल चर्चमध्ये आले. आता सणाला वेदीच्या शेजारी ढोल घुमतात. त्या सभेत विरोधात जे थोडे हात होते त्यातला एक जाबांगुनचा.

"ढोल आत आले," तियाम्सा रिकामा पेला उचलत म्हणाली, "आणि माझा बाप बाहेर."

"ढोल हातांनी आणले. मी आणले नाहीत."

"मला कुणाचे हात नकोच आहेत. माझ्या भावाने पाळकाच्या कानाला लागून हे हातांचं काढलं, मी नाही. मी तुम्हाला विचारते आहे. तुम्ही पंच आहात. माझा बाप कुणाचा होता?"

जाबांगुनने मिशीचं टोक दातांत धरलं. "देवाला ठाऊक," तो म्हणाला. "आम्ही नाही म्हणत नाही. पण ज्याची साक्ष आमच्याकडे नाही ती घंटेने कशी द्यायची? नियम माझ्या घरासाठी वेगळा आणि पिंतोरच्या घरासाठी वेगळा, असं करू?"

पिंतोरचं ती विसरली नव्हती. पिंतोर सिनागा एके काळी जाबांगुनच्या बरोबरीचा पंच. त्याचा नातू जन्मला त्याच दिवशी गेला, बाप्तिस्म्याला वेळच मिळाला नाही, आणि पिंतोरने कुणाला न विचारता त्याच्यासाठी घंटा वाजवली. पंचाने बाप्तिस्मा नसलेल्यासाठी घंटा वाजवली तर झगा खाली ठेवायचा, हा नियम. जाबांगुनने स्वतः जाऊन झगा मागून आणला. पिंतोरने घडी घालून दिला, आणि तेव्हापासून सगळ्यात मागच्या बाकावर बसू लागला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पाळक लंबोक उभा राहिला. पोरगा चांगला होता, शहरात शिकलेला, गळा गोड, आणि जाबांगुनच्या पुतणीचा नवरा. त्याने सांगितलं की पहिल्या मंडळीतही मोठा वाद झाला होता, परक्या लोकांना सुंता न करता घ्यायचं की नाही, तेव्हा प्रेषितांनीसुद्धा एकत्र बसूनच ठरवलं. पवित्र आत्मा एकट्या पंचाच्या कानात बोलत नाही, सगळ्या मंडळीत बोलतो.

"प्रेषितांनी हात मोजल्याचं कुठे लिहिलंय?" जाबांगुनने बसल्या जागेवरून विचारलं.

"मोजले नाहीत असंही कुठे लिहिलं नाही, मामंजी," लंबोक म्हणाला, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. "तर ज्यांना वाटतं की गिंजांग आजोबांसाठी घंटा वाजावी, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही.

इथे पाळकाचं चुकलं. त्याने माणसं मोजायला घेतली आणि सोयरिकी विसरला. आमच्याकडे ज्यांच्या घरची मुलगी आपण करून आणली ती माणसं आपल्याहून थोर, त्यांच्या आधी तोंड उघडायचं नाही आणि त्यांच्या विरुद्ध तर नाहीच नाही. जावयाने सासरवाडीच्या कार्यात भाताच्या हंड्या उतरवायच्या, भांडी घासायची आणि खाली मान घालून हो म्हणायचं. आता लुंबान सोसोरात कुळं तीन. सिहालोहोंनी मुली आणल्या मालाऊंच्या. मालाऊंनी आणल्या सिनागांच्या. आणि सिनागांनी आणल्या सिहालोहोंच्या. त्यामुळे सिहालोहो बघायला लागले मालाऊंकडे, मालाऊ बघायला लागले सिनागांकडे, सिनागा बघायला लागले सिहालोहोंकडे, आणि सगळं चर्च मान वळवून दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसलं. तियाम्साचा भाऊ साऊर, ज्याने हा सगळा घाट घातला, तोही सिनागांचा जावई. त्याचा हात मांडीवरून वीतभर उठला, त्याला पुढच्या बाकावर बायकोचा काका दिसला, आणि हात पुन्हा मांडीवर जाऊन बसला.

"बरं," लंबोक घाम पुसत म्हणाला. "ज्यांना वाटतं घंटा वाजू नये, त्यांनी करा."

तेही कुणी केले नाहीत. जाबांगुनचाही हात उठला नाही. गेले आठ दिवस तो घरात नियमाच्या बढाया मारत होता. पण गिंजांग त्याचा सासरा. सासऱ्याच्या विरुद्ध सगळ्या गावादेखत हात उचलायचा, तर मग परंपरा परंपरा म्हणून इतकी वर्षं कशाला ओरडत होता, असं कुणीही विचारलं असतं. दोन परंपरा त्याला दोन बाजूंनी ओढत होत्या, आणि तो मिशी चावत मध्ये बसून राहिला.

"चिठ्ठ्या टाकूया का?" लंबोक म्हणाला. "म्हणजे कुणाचं मत कुणाला कळणार नाही."

तेव्हा बायकांच्या बाजूने तियाम्सा उठली. ती चर्चमध्ये कधी बोलत नसे, म्हणून पोरंटोरंही वळून बघू लागली.

"जावईबापू, चिठ्ठ्या ठेवा खिशात," ती म्हणाली. "माझा बाप निवडणुकीला उभा नाही. आज चार चिठ्ठ्या जास्त पडल्या म्हणून तो आत आला, तर उद्या पाच जास्त पडल्या की बाहेर. त्याला मी एकदाच उचलणार आहे. तुम्हाला साक्ष द्यायची तर तोंडाने द्या. नसेल द्यायची तर नका देऊ, मी त्याला तसाच नेईन, घंटेशिवाय. इतकी वर्षं तो बाहेर बसला, त्याला सवय आहे."

ती खाली बसली. लंबोकने प्रार्थना केली, सभा संपली, ठराव काहीच झाला नाही. म्हणजे जुना नियम जागच्या जागी राहिला, म्हणजेच जाबांगुन जिंकला. बाहेर पडताना त्याच्याशी कुणी बोललं नाही.

तियाम्सा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाही. त्या आठवड्यात तिने त्याला आवडतो तसा तिरफळ आणि हळद घातलेला मासा केला, सदऱ्याची शिवण उसवली होती ती घातली, आणि कामापुरतं बोलली. पुढच्या शनिवारी संध्याकाळी तो घंटेचा दोर धरायला गेला, कारण दुसऱ्या दिवशीच्या उपासनेची वर्दी शनिवारीच द्यायची असते आणि ते काम तो तरुणपणापासून दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

दोन लांब टोले, तीन आखूड, मग श्वास घ्यायला थांबायचं, मग एक. लुंबान सोसोरची घंटा अशी वाजते. पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोकही ती ओळखतात. इतर वेळी कुणा नव्या पंचाने एखादा टोला इकडेतिकडे केला की जाबांगुन त्याची खरडपट्टी काढायचा, म्हणायचा, ही वाडवडिलांची रीत आहे, तुझा बाप आला तरी बदलायची नाही.

त्या संध्याकाळी दोन लांब टोले दिले आणि त्याचा हात थांबला. कुणाचे वाडवडील?

त्याला फणसाचं झाड आठवलं. विशीतला तो, नुकताच हातात दोर आलेला, घंटा नुसती बडवायचा. भिंतीपलीकडून हाक आली होती, "ए पोरा, तुझी घंटा लंगडते. ऐक इकडे." गिंजांगने भिंतीवर बोटांनी ठेका धरून दाखवला. दोन, तीन, मग थांबला. "ही मधली जागा सोडू नकोस. माणूस तेवढ्यात देवाला आठवतो." जाबांगुनने करून बघितलं, पुन्हा करून बघितलं, म्हातारा भिंतीपलीकडे मान हलवत राहिला. त्या भिंतीच्या आत पाय टाकायची त्याला मुभा नव्हती.

म्हणजे तियाम्साच्या आईची घंटा त्या ठेक्याने वाजली होती. जाबांगुनच्या बापाची, भावाची, गावातल्या एकूण एका माणसाची. पिंतोरच्या नातवाचीही, कारण पिंतोरला ठेका जाबांगुननेच शिकवला होता. ज्याला घंटा द्यावी की नाही म्हणून सगळं गाव गेल्या रविवारी माना वळवत बसलं होतं, त्याच्याच बोटांनी ती वाजत होती. जाबांगुनने उरलेले टोले दिले आणि दोर धरून तिथेच उभा राहिला. त्याला रडू आलं, आणि दोर पुसायच्या निमित्ताने त्याने डोळे पुसले.

अस्थी उचलायच्या दिवशी तळ्यावरून गार वारा सुटला होता. लेकींनी अस्थी धुतल्या, टोपल्यांत घातल्या, वर विणलेल्या शाली पांघरल्या. आईची टोपली साऊरच्या बायकोच्या डोक्यावर होती. बापाची तियाम्साने घेतली आणि कुणाला हात लावू दिला नाही. चर्चच्या दारात जाबांगुन झगा घालून उभा होता. आईची टोपली पुढे आली. त्याने तिच्या नावाने घंटा वाजवली, आणि टोपली पुढे गेली.

मग बापाची टोपली आली. तियाम्साने नवऱ्याकडे बघितलं नाही. पावलं थोडी झपाझप टाकली, लवकर पार व्हावं म्हणून.

"थांब गं," जाबांगुन म्हणाला.

त्याने झग्याची बटणं काढली. वेळ लागला, आणि सगळं गाव थांबलं. झगा काढून त्याने नीट घडी घातली आणि लंबोकच्या हातात दिला.

"मामंजी, हे काय?"

"पंच म्हणून मला ही घंटा वाजवता येत नाही. नियम आहे, आणि तो चुकीचा आहे असं मी अजूनही म्हणत नाही. पण सासऱ्याच्या कार्यात जावयाने राबायचं, हाही नियमच आहे, आणि तो त्याहून जुना. मी आता नुसता जावई आहे. आणि साक्ष म्हणाल तर माझ्याकडे आहे. ही घंटा मला त्यानेच शिकवली. आपली सगळी माणसं त्याच्याच ठेक्यावर गेली. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो."

सदऱ्यावर गार वारा घेत तो आत गेला आणि दोर ओढला. दोन लांब. तीन आखूड. थांबला. त्या थांबण्यात कुणीतरी हुंदका दिला. मग एक. त्याने तो ठेका पुन्हा दिला, आणि पुन्हा, जितक्या वेळा आईसाठी दिला होता तितक्या वेळा.

तो बाहेर आला. लंबोक झगा हातात धरून उभा होता. मग गर्दीच्या मागून पिंतोर सिनागा काठी टेकत पुढे आला. ज्याचा झगा जाबांगुनने मागून आणला होता तो पिंतोर. तो जाबांगुनसमोर येऊन उभा राहिला.

"तसंच होवो," पिंतोर म्हणाला.

लग्नात, मयतात, जमिनीच्या वादात, बोलून बोलून सगळ्यांचं मन एक झालं की आमच्याकडे हे म्हणतात, आणि ते म्हटलं की विषय संपला. सिनागांनी ते उचललं, मग मालाऊंनी, मग सिहालोहोंनी. "तसंच होवो." लंबोक तेवढा आजूबाजूला बघत राहिला. आता हा ठराव झाला की नाही, झाला तर मांडला कुणी, हे त्या बिचाऱ्याला पुढे कित्येक दिवस कळलं नाही. पण त्याने झगा आत नेऊन जाबांगुनच्याच खुंटीला अडकवला.

पिंतोरने जाबांगुनच्या खांद्यावर हात टेकला. "रविवारपासून मागे माझ्या बाकावर या. तिथे वारा चांगला लागतो. आणि प्रवचन लांबलं तर डुलकी काढता येते."

"तुझ्या नातवाचं," जाबांगुन म्हणाला, "मी त्या दिवशी..."

"ते राहू द्या. घंटा तुम्हीच शिकवली होतीत. वाजली तर होती ना नीट?"

"नीट वाजली होती," जाबांगुन म्हणाला. त्याला ती आठवत होती, मधल्या जागेसकट.

दुपारी समाधीपाशी जेवणावळ झाली. जाबांगुन इतर जावयांबरोबर पाण्याजवळ बसून भाताच्या हंड्या घासत होता, बाह्या वर करून, राखेने कोपरापर्यंत माखलेला. तियाम्सा ताट घेऊन आली आणि त्याच्या शेजारी दगडावर बसली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा गेल्या पंधरवड्यात नव्हता इतका निवांत.

"तुला सांगायला हवं होतं मी," तो हंडीकडे बघत म्हणाला. "ठेक्याचं. फार पूर्वी."

"मला काय कान नाहीत? बापाचा ठेका लेकीला कळत नाही होय? त्याच ठेक्यावर त्याने मला पाळण्यात निजवलंय." तिने माशातला काटा काढला. "तुमचं मागणं आलं तेव्हा हो कशाला म्हटलं मग? तुमच्या मिशीवर भाळले होते वाटतं?"

जाबांगुनचा हात हंडीत थांबला. "म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"दर शनिवारी ऐकते आहे."

"आणि आजवर बोलली नाहीस?"

"बोलले असते तर बाप्तिस्मा नसलेल्याचा ठेका म्हणून तुम्ही बदलला असता."

जाबांगुनने मिशी चावली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, बायकोशी तर अजिबातच नाही.

"बदलला असता," तो म्हणाला.

"म्हणून," तियाम्सा म्हणाली. "आता हात धुवा आणि जेवा."